ठिबकनानाने पाणी तोडलं

आमच्या गावात नळ आले त्या दिवसापासून पाणी सोडणारा माणूस एकच. कागदोपत्री तो वॉलमन, पण गावात त्याला सगळे ठिबकनाना म्हणत. कुठे नळ ठिबकताना ऐकला की या माणसाला चैन पडायची नाही. खिशात पान्हा आणि चामड्याच्या चार चकत्या कायम. एकदा एका मयताला गेला होता. बाहेर माणसं तोंड पाडून बसलेली, आणि हा गेला मोरीत. पाच मिनिटांनी हात पुसत बाहेर आला. तेवढ्या रडारडीतही घरची बाई म्हणाली, "तीन वर्षं सांगत होते मेलेल्याला, तेवढा नळ बघा म्हणून. आज बघितला गेला."

पाइप टाकण्याच्या कामावर नाना एकोणिसाव्या वर्षी मजूर म्हणून लागला होता. अख्ख्या गावाचे चर त्याच्या कुदळीने खणलेले. साहेबांनी काढलेला नकाशा कचेरीत वाळवीने खाल्ला, तेव्हापासून गावाचं पाणी नानाच्या डोक्यात. कुठला सांधा कुठल्या उंबऱ्याखाली, कुठला वॉल उघडताना अर्धा फेरा मागे घ्यावा लागतो, हे त्याला विचारावं. त्याच्याकडे हातभर लांबीची कठीण लाकडाची एक दांडी होती. तिचं एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसरं कानाला. मग हा सांगणार, "वरच्या गल्लीत तिसऱ्या घरी नळ उघडा राहिलाय." जाऊन बघावं तर खरंच उघडा. त्याची बायको म्हणायची, "जमिनीखालचं पाणी ऐकू येतं या माणसाला. मी शेजारी उभी राहून ओरडते, ते नाही येत."

गाव उतारावर. माथ्याला टेकडी, टेकडीवर टाकी, आणि तिथून गल्ल्या पायऱ्यांसारख्या खाली उतरत आलेल्या. सगळ्यात खालचं घर माझ्या आत्याचं. वडिलांची ही थोरली बहीण लोकांचे कपडे धुऊन पोट भरायची. पाण्याचा सगळ्यात जास्त जोर तिच्या नळाला. घरावरून मुख्य पाइप जायचा आणि दारासमोर त्याचा शेवटचा कॉक होता. वर्षातून एकदा पाइप धुवायचा तेव्हा नाना तो उघडायचा, सगळा गाळ ओढ्यात जायचा आणि आत्या पाइपाला नि नानाला मिळून शिव्या द्यायची. बाकी रोज सकाळी पाणी सोडून झालं की नाना तिच्या ओट्यावर चहा प्यायचा. तो तिला ताई म्हणायचा. ती त्याला मेल्या म्हणायची.

मग लढाई आली. सरहद्द आमच्यापासून लांब नव्हती, पण आजवर ती आमच्यासाठी शाळेच्या नकाशावरची रेघ होती. एके दिवशी भोंगा लावलेली गाडी आली आणि सांगून गेली की चार दिवसांत गाव रिकामं करा. बावीस मैलांवरच्या शहरात बंद पडलेल्या सूतगिरणीत सोय केली आहे. दोन दिवस ट्रक येतील, चौथ्या दिवशी दुपारी एक शेवटचा येईल.

संध्याकाळी शाळेत सभा भरली. गुरुजी उभे राहिले. "घर पडलं तर बांधता येतं. माणूस पडला तर नाही. सामान कमी घ्या, पोरं आधी बसवा, निघा."

चक्कीवाला भिंतीला टेकून बसला होता. दळण दळून त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या. तो म्हणाला, "गुरुजी, तुमची बदलीची नोकरी. आज इथे, उद्या तिथे. मागच्या लढाईत माझा बाप असाच गेला होता. दोन महिन्यांनी आला तर घराला दार नव्हतं, खिडकी नव्हती, जात्याची तळीसुद्धा नव्हती. शत्रूने नव्हती नेली. शेजारच्या गावच्यांनी नेली."

"आणि जे थांबले होते त्यांचं काय झालं, तेही सांग की."

"काही मेले," चक्कीवाला म्हणाला. "पण आपल्या घरात मेले."

एक बाई मागून म्हणाली, "अहो, दार गेलं तर पडदा लावू. पोरगं गेलं तर काय लावू?" पण पुढच्याच क्षणी दुसऱ्या कुणीतरी विचारलं की एकदा उठवलेलं गाव सरकार परत बसू देतं का. बरीच डोकी हलली. कारण तेही खोटं नव्हतं. धरणापायी उठलेली एक वस्ती वीस वर्षं "तात्पुरती" होती, आम्ही सगळ्यांनी बघितली होती. गंमत म्हणजे गुरुजींचा म्हातारा बापच चक्कीवाल्याच्या बाजूला जाऊन बसला.

नाना त्या सभेत थांबणाऱ्यांच्या बाजूचा होता. "मला यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "गावात एक जरी चूल पेटत असली तरी मी पाणी सोडणार. माझं काम तेवढंच."

ट्रक आले. गाव बहुतेक रिकामं झालं. मी बायकोपोरांना घेऊन दुसऱ्या दिवशी निघालो. आत्या आम्हाला सोडायला ट्रकपर्यंत आली, वर चढली, धाकटीला मांडीवर घेऊन बसली. मला वाटलं, जिंकलो. गाडी सुरू झाली तशी पोरीला माझ्या बायकोच्या मांडीवर ठेवून उतरली.

"आत्या, आता काय?"

"सहा गाठोडी पडलीत घरी. लोक अर्धे कपडे माझ्याकडे टाकून पळाले. मी गेले आणि एखाद्याचा सदरा हरवला, तर पुन्हा कोण देईल कपडे?"

"इथे लढाई होणार आहे गं."

"लढाईत काय नागडं फिरायचं असतं का?"

तिच्याकडे प्रत्येक घराच्या दोऱ्याची खूण होती. कॉलरच्या आत लाल दोन टाके म्हणजे चक्कीवाला, निळा एक म्हणजे गुरुजी. चाळीस वर्षांत एक रुमाल इकडचा तिकडे गेला नव्हता आणि त्यावर तिची सगळी मिजास होती. गाडी निघण्याआधी मी उतरून नानाला गाठलं. म्हटलं, आत्याला शेवटच्या ट्रकमध्ये घाल. तो म्हणाला, "ताईला घालणारा अजून जन्मायचाय. पण ती इथे आहे तोवर तिच्या नळाला पाणी येईल, हा माझा शब्द. तिलाही दिलाय." हे ऐकून मला धीर यावा, अशी त्याची समजूत असावी.

पुढचं मला त्या दोघांनी वेगवेगळं सांगितलं. दोघांचं जुळतं तेवढंच लिहितो.

तिसऱ्या दिवशी दुपारी नाना टाकीवर गेला तर मागच्या बाजूला शिपाई खड्डे खणत होते. तोफा आल्या होत्या. त्यांचा अधिकारी पोरगेलासा होता. त्याने पाणी मागितलं, प्यायला आणि विचारलं, "काका, खाली अजून धूर दिसतो. माणसं आहेत?"

"आहेत. वीसएक."

"काढा त्यांना. आम्ही इथून मारणार. मग तिकडून जे येईल ते आमच्यावरच येईल असं नाही. चार आमच्यावर, तर दहा तुमच्या कौलांवर."

नाना खाली उतरला तो दुसऱ्याच बाजूचा होऊन. घरोघर गेला. चक्कीवाला हसला. "टाकीवर चढून उन्हात डोकं फिरलं तुझं. सभेत काय बोलत होतास?" गुरुजींच्या बापाने दार उघडलंच नाही. एकाने सांगितलं, हे सगळं जागा मोकळी करायचं नाटक आहे. आत्या म्हणाली, "चार गाठोडी झाली. दोन राहिली. परवा बघू."

गावात पाण्याची दुसरी सोय नव्हती. नळ आल्यावर विहिरी आम्हीच कचऱ्याने भरल्या होत्या, आणि ओढ्यात गुडघाभर धोंडे. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे नानाला ठाऊक होतं. पण तहानलेल्याचं पाणी तोडायचं पाप करायला काळीज लागतं. चौथ्या दिवशी सकाळी तो टेकडीवर गेला, मुख्य वॉलला चावी लावली आणि बावीस फेरे आवळून बंद केला. टाकीत पाणी, आणि गावाच्या तोंडाला फडकं. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

दहा वाजेपर्यंत माणसं टेकडीच्या पायथ्याशी जमली. चक्कीवाला सगळ्यात पुढे.

"नाना, चावी खाली टाक."

"नाही टाकत."

"कुणाच्या हुकमाने बंद केलंस?"

"माझ्या."

"तुझ्या बापाची टाकी आहे का?"

"नाही. पण पाइपाचे चर मी खणलेत." नाना वरून ओरडला. "दुपारी ट्रक येईल. त्यात पाण्याचा डबा आहे. प्यायचं असेल तर ट्रकमध्ये चढा."

आया-बहिणींचा उद्धार झाला. दगड आले. एक नानाच्या खांद्याला लागला. शिपाई मध्ये पडायला निघाले तर त्यानेच थांबवलं. म्हणाला, त्यांचं बरोबर आहे. पण चावी सोडली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे दोन्ही बाजूंना सुंभच होता. शेवटी उन्हाने आणि कोरड्या घशाने निकाल लावला. लोकांनी आपापल्या घरी जाऊन नळ पुन्हा पुन्हा फिरवून बघितले, रागारागाने तसेच उघडे टाकले आणि दोन वाजता ट्रकमध्ये चढले. नाना खाली गेला नाही. गेला असता तर त्याला ट्रकखाली घातला असता. त्याने वरून बघितलं, ट्रक भरलेला दिसला, धुरळा उडाला. त्याला वाटलं, त्या गर्दीत ताई असणार. ट्रकमधल्यांना वाटलं, ती माझ्याबरोबर परवाच गेली. तिला वर चढताना त्यांनी बघितलंच होतं, उतरताना कुणी बघितलं नाही.

नाना निघण्याआधी सवयीने वॉलपाशी वाकला. घट्ट बसलाय ना, म्हणून दांडी पाइपावर टेकवली. वॉल घट्ट होता. तरी पाइपात पाणी चालत होतं. बारीक, पण सरळ, एका दिशेने. खाली कुणीतरी नळ उघडला होता. ऐकता ऐकता तो बंद झाला. थोड्या वेळाने पुन्हा उघडला. गळती अशी थांबून थांबून होत नाही.

त्याने कपाळावर हात मारून घेतला. एकोणचाळीस वर्षं शिकाऊ पोरांना सांगत आलेली गोष्ट तो स्वतः विसरला होता. वरून वॉल बंद केला म्हणजे वरचं पाणी थांबलं. पाइपात भरलेलं कुठे जाणार? वरच्या गल्ल्यांतले नळ लोकांनी उघडे टाकलेले, त्यातून वारा आत शिरलेला, आणि अख्ख्या गावाच्या पाइपातलं उरलंसुरलं पाणी उतरून एकाच नळाला मिळत होतं. सगळ्यात खालच्या. खालचा कॉक उघडून पाइप रिकामा करायचा तो केला नव्हता. आणि मुद्दाम नव्हता केला, असं म्हणणारेही पुढे निघालेच.

नाना सायकल घेऊन सुटला. आत्याच्या अंगणात दोऱ्यांवर पांढरेधोप कपडे वाळत होते आणि ही धोपाटणं घेऊन शेवटचं गाठोडं बडवत बसली होती. त्याला बघून तिचा चेहरा फुलला.

"ये रे नाना, बैस. अख्ख्या गावाचं तोडलंस, पण माझं चालू ठेवलंस. शब्दाचा पक्का आहेस बाबा."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती त्याला मेल्या म्हणाली नव्हती. नाना मला म्हणाला होता, "दगड खांद्याला लागला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण हे फार लागलं."

"ताई, गल्लीत एवढी बोंबाबोंब झाली, तुला ऐकू नाही आली?"

"आली की. नळ फिरवून बघितला तर माझ्याकडे धो धो. गप्प बसले. बोलले असते तर सगळे बादल्या घेऊन दारात. माझी धुणी कधी व्हायची?"

"ताई, मी तुझंही तोडलंय. ही माझी चूक झाली. पाइपातलं उरलेलं आहे हे."

आत्या हसली. तिला वाटलं, चेष्टा करतोय. मग तो दारासमोरच्या कॉकपाशी गेला, झाकण काढलं, चावी लावली आणि उघडला. पाइपातलं होतं नव्हतं ते सगळं भसाभसा ओढ्यात गेलं. आत्याच्या नळाने दोनदा खोकल्यासारखं केलं आणि तो गप्प झाला.

त्यावर आत्याने धोपाटणं फेकून मारलं. तेही त्याच खांद्याला लागलं. "शब्द दिला होतास मेल्या!"

"दिला होता. मोडला. आता हाणायचं ते चालता चालता हाण."

"कपडे ओले आहेत."

"ओले घेऊ."

"खुणा मिसळतील."

"एकही मिसळणार नाही. तू बांध, मी उचलतो."

ट्रक गेला होता. दोघांनी सहा गाठोडी बांधली; चार सायकलवर, एक नानाच्या डोक्यावर, एक तिच्या. ओल्या कपड्यांचं वजन म्हणजे मढ्याचं वजन. पाच मैल चालले. वाटभर ती त्याच्या सात पिढ्या उकरत होती आणि तो "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणत सायकल ढकलत होता. नाक्यावर मालाची एक गाडी मिळाली. दुसऱ्या दिवशी उजाडायला तोफा सुरू झाल्या.

सूतगिरणीत आम्ही सात आठवडे काढले. आपलं घर हगून भर, दुसऱ्याचं घर थुंकायला डर, ही म्हण मला तिथे कळली. तीनशे माणसं, सहा संडास. पण त्या शहरातल्या माणसांचं नाव काढायला आजही मला बरं वाटतं. कोण कुठली माणसं, पण रोज कुणी ना कुणी भाकरतुकडा, औषध, पोरांना पाट्या-पुस्तकं आणून द्यायची. एका इस्त्रीवाल्याने आत्याला आपल्या दुकानाचा अर्धा ओटा दिला. तिने सहाच्या सहा गाठोडी वाळवली, घड्या घातल्या आणि ज्याचे कपडे त्याला पोहोचवले. चक्कीवाला अंगावरच्या कपड्यांनिशी आला होता. तिने त्याच्यासमोर लाल दोन टाक्यांचे पाच सदरे ठेवले, तेव्हा तो गडी भिंतीकडे तोंड करून बराच वेळ घड्या मोजल्यासारखं करत बसला.

परत आलो तेव्हा टाकी नव्हती. वरच्या दोन गल्ल्या म्हणजे विटांचा ढीग. थांबायचं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांची घरं तिथलीच. चक्कीचं छप्पर खाली बसलं होतं, बरोबर चक्कीवाला बसायचा तिथे. आणि आत्याच्या घराचं? एक कौल हललं नव्हतं. दोऱ्यासुद्धा तशाच बांधलेल्या. आत्याला बोलायला तेवढं पुरलं. "बघ मेल्या! काय झालं असतं मला?" नाना म्हणाला, "सात आठवडे तहानेने मेली असतीस." ती म्हणाली, "ती तहान तुझ्यामुळेच ना?"

टाकी पडल्यामुळे बांधकामाचे साहेब आले, तर नकाशा कुणाकडे? विटांच्या ढिगावर उभा राहून नाना पायाने दाखवत गेला, इथे खणा, इथे सांधा आहे. दोन महिन्यांत नळ आले. त्याच सुमारास त्याच्याविरुद्धचा अर्जही वर पोहोचला. खाली बारा सह्या. कुणाच्याही हुकमाशिवाय माणसांचं पाणी तोडलं म्हणून. अर्ज चक्कीवाल्याचा. चौकशीचा साहेब शाळेत बसला.

चक्कीवाला उभा राहून म्हणाला, "साहेब, याने आम्हाला वाचवलं, हे मी नाकारत नाही. माझं छप्पर मी बघितलंय. पण आज चांगल्या माणसाने चांगल्यासाठी पाणी तोडलं, उद्या दुसरा कुणी कशासाठी तोडेल? म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो."

"म्हातारी कुणाला म्हणतोस रे?" आत्या मागून गरजली. साहेबही हसला. तिलाच पुढे बोलावलं.

"बाई, याने पाणी बंद केलं होतं?"

"केलं."

"तुम्हाला न विचारता?"

"विचारता काय? शब्द देऊन वर बंद केलं."

"मग चूक केली असं तुमचं म्हणणं?"

"केली. लिहा. आणि मी अजून जिवंत आहे, त्याचाही दोष त्याच्याच माथी लिहा. एक लिहून दुसरं सोडू नका."

साहेबाने दोन्ही लिहून घेतलं. नानाला विचारलं, तुझं काय म्हणणं? नाना म्हणाला, "चक्कीवाला बोलतो ते बरोबर आहे. पुढच्या माणसाला चावी देताना एकट्याला देऊ नका, दोघांना द्या." त्याला ताकीद मिळाली, एक वर्षाची पगारवाढ गेली, आणि चावी दोघांकडे ठेवायचा नियम झाला. दुसरा माणूस म्हणून गावाने चक्कीवाल्याला निवडलं. दोघं पुढे नऊ वर्षं रोज सकाळी भांडत टेकडी चढत होते.

नाना गेला त्याला आता चार वर्षं झाली. पारावर अजून वाद निघतो. कुणी म्हणतं, माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध उठवू नये, मरायचा हक्कही त्याचाच. कुणी म्हणतं, तोफेसमोर कसली मर्जी. गुरुजी तिकडे शहरातच राहिले. त्यांचा बाप परत आला आणि स्वतःच्या अंगणात म्हातारपणाने मेला. दोघंही आपल्या जागी सुखी होते, त्यामुळे त्या उदाहरणाचा कुणालाच उपयोग होत नाही. कोण बरोबर, ते मला सांगता येणार नाही, आणि मला विचारूही नये. आत्या त्या लढाईनंतर अकरा वर्षं जगली. अकरा वर्षं मी तिच्या हातचं खाल्लं, तिच्या शिव्या खाल्ल्या, आणि माझ्या धाकटीच्या लग्नात तिने सगळ्या वऱ्हाडाचे कपडे कडक करून दिले. ज्याच्यामुळे हे झालं त्याची बाजू मी घेणारच.